मुठीचं धान्य

"आपल्या लोकांना द्यायची सवयच नाही हो!"

ख्रिस्ती मंडळीच्या कुठल्याही बैठकीत हिशेबाचा विषय निघाला की हे वाक्य येतेच. मी ते नगरला ऐकले आहे, नाशिकला ऐकले आहे, नंदुरबारला तर कितीदा. इथे लोणखेड्यात रविवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर दहा-बारा माणसे प्रार्थनेला जमतात, तिथेही ते पोचले आहे. बोलणारा बहुधा पगारदार किंवा पेन्शनवाला असतो, हे मी एक पेन्शनवाला म्हणूनच सांगतो. त्याच्यामागून दुसरे वाक्य येते, "मिशनने लाडावून ठेवलं." त्यावर सगळे माना डोलावतात, कोणीतरी चहा आणतो आणि विषय संपतो.

मला तो असा संपलेला आवडत नाही. कारण या वाक्यात 'आपले लोक' म्हणजे आपले आजोबा-पणजोबा, आणि त्यांच्यावर हा आरोप करायचा तर त्यांनी कधी, काय आणि कोणाला दिले हे आधी पाहिले पाहिजे. गेले काही महिने जुने वाचताना मनात जे जमत गेले ते इथे मांडतो. (जे वाचक ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी: 'मंडळी' म्हणजे आमच्याकडे चर्चचे सभासद, 'पाळक' म्हणजे पास्टर आणि 'दशांश' म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देवाच्या कामासाठी काढणे. बाकी सगळे शब्द आपले नेहमीचेच.)

सुरुवात मिशनपासून न करता खळ्यापासून करतो. आमचे घराणे नेवासा तालुक्यातले, महारवाड्यातले. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग समाजातून आलेले आहेत, हे काही गुपित नाही, आणि ते लपवावे असेही काही नाही. या समाजाचा गावाशी व्यवहार बलुत्याचा. गावाची सारी कामे करायची, वेशीवर राखण करायची, सरकारी टपाल पोचवायचे, मेलेले ढोर ओढायचे, आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा मागायचा. कायद्याने तो हक्क होता, पण मिळायचा उपकारासारखा. येसकराची पाळी आली की दारोदार भाकरी गोळा करत फिरायचे. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या या माणसांचा हात गावाने पसरलेलाच पाहिला. त्यांनी कोणाला काही देणे गावाच्या कल्पनेतच बसत नव्हते, कारण त्यांच्या हातचे घेणार कोण? पाणीसुद्धा चालत नव्हते.

आता त्या माणसांनी आपल्या घरची पायलीभर बाजरी टोपलीत घालून उपासनेला नेली आणि देवापुढे ठेवली, याचा अर्थ लक्षात घ्या. नगरच्या पहिल्या देशी पाळकांपैकी हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक हे दोघे ब्राह्मण घरांतून आलेले. महारणीने आणलेले धान्य अशा पाळकाने हातात घेणे ही त्या काळच्या नगर जिल्ह्यात साधी गोष्ट नव्हती. समतेवरची शंभर प्रवचने एका बाजूला आणि ती टोपली एका बाजूला ठेवली तर मी टोपली उचलीन.

माझी आजी चुलीशेजारी एक लहान गाडगे ठेवायची. रोज दळायला धान्य काढले की त्यातले मूठभर त्या गाडग्यात. महिनाअखेरीला ते मंडळीत जायचे. घरात त्याला 'मुठीचं धान्य' म्हणत. टंचाईच्या दिवसांत ती मूठ लहान व्हायची, पण थांबायची नाही. एकदा काकांनी विचारले, "आई, आपल्यालाच पुरत नाही, मग हे कशाला?" त्यावर ती म्हणाली होती, "मागायला आपण आयुष्यभर गेलो की. हे आपण देतो." नगरच्या आत्यांना हा प्रसंग माझ्यापेक्षा चांगला आठवत असेल.

तर मग 'द्यायची सवय नाही' हे आले कुठून? इथे मिशन येते.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला आले. बोस्टनच्या मंडळाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन १८५४ च्या अखेरीस खुद्द पाहणीला आले. त्यांचा आग्रह एकच. मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि स्वतःच पसरावे. देशी पाळक नेमा, आणि त्याचा पगार गावाला झेपेल एवढाच ठेवा. इंग्रजी शाळांवरचा खर्च कमी करा असेही त्यांचे म्हणणे होते, त्यावरून बरेच वादळ झाले. शाळांच्या बाबतीत त्यांचे चुकले असे मला वाटते. त्या शाळांनीच पुढे आमच्यासारख्यांना उभे केले. पण पगाराच्या बाबतीत त्यांना जे दिसले ते मात्र खरे होते. पाळकाचा पगार बोस्टनहून आला तर पाळक बोस्टनचा होतो आणि मंडळी बघ्याची.

आणि तसेच झाले. अँडरसनसाहेबांचे तत्त्व कागदावर राहिले. गावात शाळामास्तर मिशनचा, त्याचा पगार मिशनचा, बायबल शिकवणारी बाई मिशनची, इमारत मिशनची, दवाखाना मिशनचा. ज्या माणसाने पाटलाच्या खळ्यावर हात पसरायचे सोडले होते त्याच्यासमोर बंगल्यातले साहेब उभे राहिले. साहेब पाटलापेक्षा हजार पटींनी प्रेमळ होते, हे निर्विवाद. मुलांना शिकवत होते, जखमा धूत होते. पण 'माय-बाप' हा शब्द खळ्यावरून उठला आणि मिशन कंपाउंडात येऊन बसला. याला लाड म्हणणे मला पटत नाही. लाडात मूल हट्ट करते. इथे माणसे पुन्हा एकदा मागायला शिकली.

मग दुष्काळ आला. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा, खानदेश-गुजरातेत ज्याला 'छप्पन्या' म्हणतात तो. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' नावाच्या साप्ताहिकाने, त्याचे मालक लुई क्लॉप्श यांच्या पुढाकाराने, हिंदुस्थानासाठी मदत गोळा केली. १९०० च्या मे महिन्यात 'क्विटो' नावाची बोट दोन लाख बुशेल मका घेऊन न्यूयॉर्कहून मुंबईकडे निघाली. आपल्या हिशेबात सुमारे पाच हजार टन. मिशनऱ्यांच्या समितीमार्फत हा मका वाटला गेला. नगरचे रॉबर्ट ह्यूम या मदतकार्यात आघाडीवर होते, सरकारने त्यांना त्याबद्दल कैसर-ए-हिंद पदकही दिले.

त्या मक्याने माणसे जगली. आज मराठी ख्रिस्ती म्हणवणाऱ्या कितीतरी घरांचे मूळ त्या वर्षात वाचलेल्या एखाद्या अनाथ पोरात आहे. त्यामुळे त्या मदतीबद्दल वाकडे बोलणारा मी कोण? पण दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. एक, देणारे कोणी धनकुबेर नव्हते. साप्ताहिकाचे वाचक, शेतकरी, मोलमजुरी करणारे, रविवारच्या शाळेतली मुले, यांनी सेंट-डॉलर जमवले होते. दुसरी गोष्ट अशी की त्या वाचकांपुढे आमची माणसे फोटोतून पोचली. बरगड्या दिसणारी मुले, खोल गेलेले डोळे. दात्याच्या मनात आमचे ते चित्र कायमचे राहिले आणि हळूहळू आमच्याही मनात राहिले. गावाने टोमणा दिला तो वेगळाच, पोटार्थी ख्रिस्ती, दुष्काळी ख्रिस्ती. टोमणा मारणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या वर्षी आपली कोठारे उघडली होती, हे विचारावेसे वाटते. असो.

पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा दिली कोणी, तर मासेदोनियाच्या मंडळ्यांनी, ज्या स्वतःच हलाखीत होत्या. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय वाचा. करिंथची मंडळी शहरातली, सुखवस्तू. तिला पौल त्या गरिबांचे उदाहरण देतो आहे. आमच्याकडे हे नेमके उलटे झाले आहे. आम्ही गरिबांना श्रीमंतांचे उदाहरण देतो.

त्याच दुष्काळात पंडिता रमाबाई केडगावात होत्या. रमाबाईंच्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत करायचे कबूल केले होते. हे १८८७ चे वचन. मुदत संपेल तेव्हा काय, याचा विचार या बाईने आधीच सुरू केला आणि केडगावला शंभरएक एकर जमीन घेतली. तिथे फळझाडे लावायची आणि बागेच्या उत्पन्नावर संस्था चालवायची असा बेत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, मग छप्पन्यात गुजरातेतून. १९०० च्या सुमारास मुक्ती सदनात दीड हजारांहून जास्त बायका-मुली होत्या. कुठला बाग पुरणार? परदेशातून पैसा आलाच. पण रमाबाईंनी त्या मुलींना नुसते ताटावर बसवून ठेवले नाही. विणकाम, तेलघाणी, दूधदुभते, शेती, छापखाना, सारे त्या मुलींच्या हातांनी चालले. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, मुक्तीच्याच छापखान्यात छापून निघाले. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींच्या आश्रमात खिळे जुळवून एक ग्रंथ तयार होतो. पैसा दुसऱ्याचा असूनही माणूस मिंधा होऊ नये, याची युक्ती त्या बाईला सापडली होती असे मला वाटते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट आणखी वेगळी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, पुढे मिशनची नोकरी, १९०४ मध्ये दीक्षा, १९१२ पासून 'ज्ञानोदया'चे संपादन. म्हणजे पगारदार, मानमरातबाचा माणूस. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला, आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळे ख्रिस्ताचे शिष्य एकत्र, असा तो विचार. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी ते गेले, आणि दरबार फार काळ टिकला नाही. पण 'ख्रिस्ताची सेवा करायला पगार लागतो का?' हा त्यांचा प्रश्न मात्र राहिला.

टिळकांच्या त्यागाचे गोडवे सगळे गातात. मला त्या घरात लक्ष्मीबाई दिसतात. १९३४ पासून प्रसिद्ध होत गेलेली 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत (नसतील तर सगळे सोडून आधी वाचा) त्यांना माहीत आहे की टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे. आला की गेला. मागणारा कोण, खरा की खोटा, घरात उद्याला काय, असे प्रश्न त्यांना पडतच नसत. ते प्रश्न पडत लक्ष्मीबाईंना. राहुरीला दुष्काळातली अनाथ मुले घरात आली, ती जेवायची कोणाच्या चुलीवर? देणगीच्या पावतीवर नाव एकाचे असते आणि पदार्थ शिजवणारे हात दुसऱ्याचे. इतिहासात टिळक 'दाते' म्हणून नोंदले गेले, लक्ष्मीबाई 'विनोदी लेखिका' म्हणून. माझ्या मते त्या घरातला खरा दशांश लक्ष्मीबाईंनी भरला, आणि तोही कुरकुर करत, भांडत, हसत. कुरकुरत दिलेले दान देवाला चालत नाही असे म्हणतात. लक्ष्मीबाईंचे चालले असणार.

महाराष्ट्राबाहेर थोडे पाहू, कारण 'आपले लोक' म्हणजे नुसते मराठी नाहीत. तेलुगू मुलखात दोर्नकलला व्ही. एस. अझरिया १९१२ साली बिशप झाले, अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. त्यांची मंडळी म्हणजे माला आणि मादिगा, आपल्या महार-मांगांसारखेच गावकुसाबाहेरचे शेतमजूर. त्यांना काही मागायचे नाही, उलट द्यायचेच, असे मिशनऱ्यांचे धोरण असताना अझरिया त्यांच्याकडे मागत राहिले. गरीब आहेत म्हणून त्यांना द्यायला सांगू नये हा त्यांचा अपमान आहे, असा त्यांचा सूर. दोर्नकलचे कॅथीड्रल १९३९ साली उभे राहिले, मशिदी-मंदिरांचा घाट घेऊन, आणि त्यात त्या शेतमजुरांचा वाटा होता.

मिझोराममध्ये तर १९१० पासून बायका रोज दोन्ही वेळच्या स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. 'बुहफाई थाम' म्हणतात त्याला. ते तांदूळ मंडळीत गोळा होतात, विकले जातात, आणि त्या मुठीमुठीतून आज वर्षाला कोटींची रक्कम उभी राहते. डोंगरातल्या त्या चर्चने स्वतःचे पाळक पोसले आणि दुसऱ्या प्रांतांत माणसे पाठवली. आजीचे गाडगे आणि हे तांदूळ, कल्पना एकच. तिथे ती व्यवस्था झाली, आमच्याकडे एका म्हातारीबरोबर गेली.

आता आमच्या खानदेशात येतो. इकडे अमेरिकेतल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आले. फ्रेडरिक फ्रान्सन नावाच्या स्वीडिश प्रचारकाने १८९० मध्ये शिकागोत ही संस्था काढली. पैसा पुरवणारी माणसे अमेरिकेत नव्याने स्थायिक झालेली स्वीडिश-नॉर्वेजियन कुटुंबे, म्हणजे तीही स्थलांतरित, कष्टकरी. नवापूर, नंदुरबार, तळोदा या पट्ट्यात त्यांनी काम केले. चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय १९४२ पासूनचे. १९४९ साली मिशनचे नाव बदलले, पुढे परदेशी माणसे हळूहळू परतली.

इथल्या ख्रिस्ती लोकांत मोठा भाग आदिवासींचा. त्यांचा इतिहास बलुत्याचा नाही. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा गावांत 'लाहा' नावाची पद्धत आहे. एकाच्या शेतात काम निघाले की सारा पाडा येऊन ते करतो, घरधनी सगळ्यांना जेवू घालतो, मजुरीचा प्रश्न नाही. उद्या दुसऱ्याच्या शेतात. देणे-घेणे तिथे हवेसारखे आहे, त्याला 'दान' म्हणावे असे कोणाला सुचतही नाही. डोंगर उतरून सपाटीवर आले की मात्र हाच माणूस सालदार होतो. वर्षाचा करार आखाजीला, अंगावर उचल, आणि उचल फिटेपर्यंत पुढची आखाजी. ज्या शहादा-तळोदा पट्ट्यात मी राहतो तिथेच १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीला धान्यासाठी आलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. त्यानंतर अंबरसिंग सुरतवंतींच्या नेतृत्वाखाली आणि १९७२ पासून श्रमिक संघटनेच्या कामातून सालदारांची चळवळ उभी राहिली. तो इतिहास इथे फार थोडक्यात सांगतोय, पण एवढे सांगितल्याशिवाय या भागात धान्याची मूठ काय चीज आहे ते कळणार नाही.

आज लोणखेडा म्हणजे शहाद्याला लागून वाढलेले गाव. ऊस, केळी, पपई, पुरुषोत्तमनगरचा साखर कारखाना, कॉलेजे, नवे बंगले. पैसा आला, तसा ख्रिस्ती घरांतही आला. शिक्षक, नर्स, बँक, एसटी, महावितरण. आमच्या लग्नांत आता लॉन असते, ड्रोन असतो, केकला तीन मजले असतात. चंगळवादावर प्रवचन देणारे पाळकही त्या केकजवळ उभे राहून फोटो काढून घेतात, आणि का घेऊ नये? मला चिंता केकची नाही. पगार वाढला तसा दशांशाचा आकडा वाढला, पण त्याचे मिळकतीशी असलेले प्रमाण घसरले, हे आमच्या ओसरीवरच्या वहीतही दिसते.

त्यात एक नवी विद्या आली आहे. 'पेरा आणि शंभरपट घ्या.' टीव्हीवर आणि मोबाइलवर हे अखंड चालू असते. हजार द्या, देव लाख देईल. हे दान नव्हे, सट्टा आहे, आणि तो खेळायला लावतात कोणाला, तर ज्याच्या अंगावर आधीच उचल आहे त्याला.

दुसरी गोष्ट जमिनीची. मिशनने जाताना कंपाउंडे मागे ठेवली. तेव्हा गावाबाहेर होती, आता शहराच्या मध्यात आहेत. १९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, सहा मंडळ्या एक झाल्या. त्या एकीतूनच किती तंटे निघाले! नवापूरपलीकडे, दक्षिण गुजरातेत ब्रदरेन मंडळीचे लोक होते. त्यांच्या मालमत्तेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००५ साली निकाल लागला, तो मुख्यतः एवढ्यावर, की हा दावा दिवाणी कोर्टाने ऐकायचा की धर्मादाय आयुक्तांच्या व्यवस्थेत जायचा. पस्तीस वर्षे! महाराष्ट्रात कुठे काय चालले आहे त्यात मी शिरत नाही, गावोगाव वाचकांना आपापली कंपाउंडे माहीत आहेत. वकिलाच्या फीसाठी मात्र वर्गणी पटकन जमते, हे मी स्वतः पाहिले आहे. पाळकाच्या सहा महिन्यांच्या थकलेल्या पगारासाठी ती जमत नाही. ज्या जमिनी दुसऱ्या देशातल्या मोलकरणींच्या आणि शेतमजुरांच्या सेंटांतून घेतल्या गेल्या, त्या आमच्या हातात आल्यावर आम्ही त्यांच्यावर वारसदारासारखे भांडतो. पुन्हा खळेच. फक्त आता मागणारा सुटाबुटात आहे.

बाहेरचा पैसाही आता आटला. २०२० मध्ये परकीय देणग्यांचा कायदा आणखी कडक झाला. एका संस्थेने दुसरीला पैसे वर्ग करायची सोय बंद झाली, कार्यालयीन खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. कित्येकांची कामे थांबली, चांगली कामेसुद्धा, आणि त्याचे मला दुःखच आहे. पण अँडरसनसाहेबांनी १८५४ मध्ये बोस्टनहून येऊन जे सांगितले ते आता दिल्लीच्या नियमाने आमच्यापुढे ठेवले आहे.

आणि देतात कोण? तीनेक वर्षांपूर्वी एका मोठ्या मंडळीत हंगामाच्या सणाला गेलो होतो. (गावाचे नाव नको.) वेदीपुढे भोपळे, मक्याची कणसे, उडीद, भगर, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासनेनंतर लिलाव. एक लिंबू तीनशे रुपयांना गेले, घेणाऱ्याने ते परत दिले, पुन्हा बोली लागली, पाचशे. टाळ्या. हा सण मला लहानपणापासून प्रिय आहे, त्यात खरी मजा असते. मग सेक्रेटरींनी देणगीदारांची यादी वाचली, मोठ्या आकड्यापासून उतरत. यादी पाचशे रुपयांपाशी थांबली. माझ्या शेजारी एका सालदाराची बायको बसली होती. तिने चार पायल्या उडीद आणले होते, डोक्यावरून, सात किलोमीटर. उडीद लिलावात गेले ते घेणाऱ्याच्या नावावर नोंदले गेले. मी नंतर सेक्रेटरींना विचारले तेव्हा ते अगदी सरळपणे म्हणाले, "सर, वस्तूची किंमत आपल्याला कशी कळणार? रोख असलं की लिहिता येतं."

दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट त्यांनी किती वेळा वाचली असेल! मीही वाचली आहे. ती बाई तरी रोख टाकत होती.

मी त्या बाईला विचारले, "ताई, उडीद यंदा चांगला आला का?" ती म्हणाली, "आला तेवढा आला. आमच्याकडे लाहा झाली, सगळे आले, मग देवालाबी बोलवावं लागतं ना."

आमच्या ओसरीवरच्या वहीत आम्ही गेल्या हंगामापासून वस्तूंचा रकाना पाडला आहे. त्यात माप लिहितो, किंमत लिहीत नाही, आणि नावे आली त्या क्रमाने. कोणी नाराज झाले, तसे ते होणारच. गेल्या हंगामाच्या पानावर मका एक पोते, उडीद दोन पायल्या, अंडी अकरा, एक दिवसाची मजुरी (ओसरीचे पत्रे बदलले, त्याची), आणि मग रोख. मजुरी लिहायची की नाही यावर अर्धा तास वाद झाला. लिहिली.

वडाळा, राहुरी, नेवासा या बाजूला मुठीचे धान्य अजून कोणी काढत असेल, किंवा कोणाच्या घरी ते गाडगे उरले असेल, तर मला जरूर कळवा. आत्या, तुझ्याकडे आईचे होते ना?